शिफ्ट सांभाळून आत्मचरित्र लिहायचं तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, शिरोलीच्या फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात), इचलकरंजीत मागावर नाहीतर गुऱ्हाळावर आयुष्य काढलेल्या, आणि शाळा लवकर सुटूनही स्वतःच्या जिवावर वाचत-विचार करत राहिलेल्या माणसाचं आत्मचरित्र बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडतं. पहिल्यांदा ‘माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला’ या वाक्यापाशी, कारण त्यापुढचं वाक्य सुचत नाही. मग पन्नासेक पानं झाली की विचार मांडायची वेळ येते आणि लिखाणाचं भाषण होतं. दोन्हीचं मूळ एकच आहे. लिहिणाऱ्याला वाटतं, आपलं काम सगळ्यांना ठाऊकच आहे, त्यात काय सांगायचं. प्रत्यक्षात वाचकाला कामातलं काहीही ठाऊक नसतं. कामगाराच्या आत्मचरित्रात काम हाच पाया असतो. ते नीट उतरलं की विचार कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

खाली दिलेली पद्धत नोकरी चालू असणाऱ्याला आणि निवृत्त माणसाला, दोघांनाही चालते. साधारण ५५ हजार शब्दांचं, छापील दोनशे पानांच्या आसपासचं पुस्तक डोळ्यांपुढे धरलं आहे. रोज ४०० ते ५०० शब्द लिहिले आणि आठवड्यातून पाच दिवस बसलं, तर पहिला खर्डा सहा महिन्यांत होतो. त्याहून जास्त वेगाच्या मागे लागू नये. दिवसाला दोन हजार शब्द लिहिणारा पंधरा दिवसांत थकतो आणि वही कपाटात जाते.

वह्या आणि कागदपत्रं

तीन वह्या घ्या. पहिली दोनशे पानी लाँग बुक, खर्ड्यासाठी. तिच्यात फक्त उजव्या पानावर लिहायचं. डावं पान नंतर आठवलेल्या गोष्टी, दुरुस्त्या आणि शंकांसाठी मोकळं ठेवायचं. दुसरी शंभर पानी वही तारखांची. तिसरी छोटी, खिशात मावणारी. चहाच्या सुट्टीत काही आठवलं तर दोन शब्द टिपायला. ‘मेसचा डबा, पितळी, झाकणावर नाव’ एवढं टिपलं तरी रात्री त्यावर पानभर लिहिता येतं. टिपलं नाही तर रात्री फक्त काहीतरी आठवलं होतं एवढंच आठवतं.

लिहायला साधं बॉलपेन वापरा. जेल पेन आणि शाईपेनची अक्षरं पाण्यानं फुटतात. कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पूरपट्ट्यात राहत असाल तर वह्या आणि जुने कागद पावसाळ्याआधीच माळ्यावर, झिपच्या प्लास्टिक पिशवीत गेलेले बरे. प्रत्येक पंधरा पानं झाली की मोबाईलवर फोटो काढायचे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवायचे.

कागद भिजलेच तर उन्हात घालू नका. कागद आक्रसतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, दर आठ-दहा पानांमध्ये कोरा शोषणारा कागद घालून वाळवायचे, आणि तो कागद ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र ओल्या पानाला लावलं तर त्याची शाई पानावर उतरते. फाटलेल्या दाखल्याला सेलोटेप लावायचा मोह आवरा, काही वर्षांत चिकटा पिवळा पडून अक्षरं घेऊन जातो.

आता कोणते कागद शोधायचे. शाळा सोडल्याचा दाखला, पहिलं नेमणूकपत्र असेल तर ते, हजेरी कार्ड, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, ईएसआय कार्ड, युनियनच्या पावत्या, बोनसची पावती, कारणे दाखवा नोटीस, जुनं रेशनकार्ड, सावकाराची किंवा पतसंस्थेची चिठ्ठी. गावाकडं जमीन असेल किंवा होती आणि गेली असेल, तर सातबारा आणि फेरफाराचा उतारा. यातला ज्याचा छाप उडत चालला आहे त्याची आधी झेरॉक्स काढा. एटीएम आणि मशीनवरच्या गुळगुळीत पावत्या तर दोन-चार वर्षांत कोऱ्या होतात.

तारखा बसवणं

दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली आहे असं समजून चाला. शाळेत घालताना वय जुळवायला सर्रास हीच तारीख टाकली जायची. पुस्तकात ‘दाखल्यावर १ जून आहे’ असं लिहा आणि खरा अंदाज वेगळा द्या. आईनं सांगितलेली खूण, म्हणजे कोणत्या सणाला, कोणत्या पिकाच्या वेळी, ही दाखल्याइतकीच कामाची असते.

तारखांच्या वहीत डावीकडं सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटना लिहून काढा आणि उजवीकडं ‘तेव्हा मी कुठं होतो, काय करत होतो’ हे भरत जा. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. हे घरातल्या थोरांच्या आठवणींसाठी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ पासून. आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या अनेक घरांना ही तारीख लागू पडते, कारण त्यानंतर माणसं मुलाबाळांसह गावी परतली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. नोटबंदी ८ नोव्हेंबर २०१६. मार्च २०२० ची टाळेबंदी. या खुंट्यांना आपली नोकरी, लग्न, पोरांची जन्मसालं, कारखाना बदलणं टांगत गेलं की दहा-बारा वर्षांची गाळलेली जागा आपोआप दिसते. ती जागा बहुतेकदा बेकारीची असते. तिथंच जास्त लिहायचं असतं आणि तिथंच माणूस एका ओळीत उडी मारतो.

संप, मोर्चा, कारखान्यातला अपघात यांची तारीख नक्की करायची असेल तर स्थानिक दैनिकांच्या जुन्या फायली बघाव्या लागतात. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० पासूनचं वाचनालय आहे. शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही आहे. दोन्हीकडं जुन्या अंकांची चौकशी करा. जाताना ‘१९७४ चे पेपर’ असं मागू नका. महिना आणि शक्यतो आठवडा ठरवून जा, नाहीतर पूर्ण दिवस चाळण्यात जातो. बातमी सापडली की पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक तिथल्या तिथं वहीत उतरवा. केस कामगार न्यायालयात गेली असेल तर निकालाची नक्कल काढता येते. केसचा नंबर आणि साल हाताशी असलं की काम सोपं होतं.

सोबत्यांकडून माहिती घेताना मतं विचारू नका. ‘त्यावेळी परिस्थिती कशी होती?’ या प्रश्नाला ‘लई वाईट’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: पगार झाल्यावर पहिली उधारी कुणाची भागवायचास? डब्यात काय असायचं? तिसऱ्या शिफ्टला झोप आली तर कुठं टेकायचास? असं विचारलं की माणूस तासभर बोलतो. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. वीस मिनिटांच्या बोलण्याचे साधारण दोन-अडीच हजार शब्द होतात आणि ते ऐकून उतरवायला दीड-दोन तास लागतात, हे धरूनच रेकॉर्डिंग करा. तीस तास रेकॉर्ड करून ठेवलेलं पुन्हा कोणी ऐकत नाही.

काम कसं लिहायचं

पुस्तकाचा सर्वांत जास्त वेळ इथं द्या. एक नमुना घेऊ. पहिल्या खर्ड्यात हमखास असं येतं:

‘फौंड्रीतलं काम फार कष्टाचं होतं. आगीजवळ उभं राहून आम्ही घाम गाळत होतो. मालकाला आमची कदर नव्हती. भांडवलशाहीत कामगाराचं असंच शोषण होतं.’

चारही वाक्यं खरी असतील, पण ती फौंड्रीत पाऊल न टाकलेल्या माणसालाही लिहिता आली असती. आता तोच मजकूर मोल्डरच्या, म्हणजे वाळूचा साचा भरणाऱ्याच्या, हातातून:

‘वाळूत पाणी किती झालंय ते मूठ दाबून बघायचं. मूठ उघडली की बोटांचे ठसे तसेच राहिले पाहिजेत आणि गोळा मोडला तर कडा ढासळता कामा नयेत. पाणी जास्त झालं की ओतताना वाफ कोंडते, बॉक्स थुंकतो, आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतं. पाणी मारायचा मिक्सरवरचा माणूस. तो रजेवर असला की पाण्याचा अंदाज कुणाचाच नसायचा, पण रिजेक्शन मोल्डरच्या नावावर पडायचं. एका महिन्यात माझ्या नावावर किती बॉक्स पडले आणि त्यातले किती तो रजेवर असतानाचे, याचा हिशेब मी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून सुपरवायझरपुढं धरला. त्यानं कागद परत दिला आणि म्हणाला, हिशेब ठेवायला तुला पगार देत नाही.’

इथं शोषण हा शब्द नाही, तरी वाचकाला सगळं कळतं. शिवाय बिडीच्या कागदावर हिशेब मांडणारा माणूस पुढं वाचायला आणि विचार करायला लागणार, याची तयारीही इथंच झाली. नमुन्यात चार गोष्टी आहेत: हाताला कळणारी खूण, काय चुकतं, ते का चुकतं, आणि चूक कोणाच्या नावावर लागते. तुमचं काम कुठलंही असो, या चार गोष्टी काढल्याशिवाय प्रकरण पुरं झालं असं समजू नका.

गुऱ्हाळावर असाल तर काहिलीतल्या रसाला कधी भेंडीचं पाणी द्यायचं, मळी कशी काढायची, पाक झाला हे गुळव्या कशावरून ओळखतो, चुलव्यानं जाळ पुढं-मागं केला तर गुळाचा रंग कसा बिघडतो, आणि बिघडलेल्या आधणाचं, म्हणजे त्या एका काहिलीचं, नुकसान कोण सोसतो. चपलेच्या कामात असाल तर तळ, पट्टा, कान, अंगठा, वेणी यातलं कोणतं काम घरातली बाई करते, कोणतं पुरुष, आणि मजुरी कोणाच्या हातात पडते. हे शेवटचं फार जण लिहीत नाहीत. मागावर असाल तर धागा तुटल्यावर माग थांबवून गाठ मारेपर्यंत किती वेळ जातो आणि पीसरेटमध्ये, म्हणजे मालावर मोजलेल्या मजुरीत, तो कोणाच्या खिशातून जातो, ते लिहा.

कारखान्यातले शब्द बदलू नका. लेथवर ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. जॉब, चक, टूल, व्हर्नियर, शेकआउट, फेटलिंग, ओव्हरटाइम हे शब्द तसेच ठेवा. साच्याला ‘बॉक्स’ म्हणत असाल तर पुस्तकातही बॉक्सच. शब्द पहिल्यांदा येतो तिथं तो वापरताना दाखवा, म्हणजे वेगळी व्याख्या लागत नाही. शेवटी शब्दार्थांची यादी जोडायची असेल तर दोन पानांच्या पुढं नको.

पैशाचा हिशेब प्रत्येक कालखंडात एकदा तरी यायला हवा. नुसता ‘रोज साडेचार रुपये’ हा आकडा आजच्या वाचकाला मुका आहे. त्या रोजात किती ज्वारी यायची, खोलीचं भाडं किती दिवसांच्या पगाराएवढं होतं, ओव्हरटाइम सिंगल मिळायचा की डबल, हे सोबत द्या. आकडा नक्की आठवत नसेल तर पगाराची चिठ्ठी शोधा. तीही नसेल तर ‘पाच रुपयांच्या आत’ असं लिहा. अचूक वाटणारा पण चुकीचा आकडा एखाद्या जुन्या सोबत्यानं पकडला तर तो बाकीच्या पुस्तकावरही विश्वास ठेवत नाही.

वाचन आणि विचार

स्वतः शिकलेल्या माणसाच्या आत्मचरित्रात हा भाग सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त बिघडणारा. तो बिघडतो तो वाचलेल्या पुस्तकांचा सारांश देण्यानं. फुले, शाहू महाराज, आंबेडकर, मार्क्स यांनी काय म्हटलं हे वाचकाला दुसरीकडं मिळतं. तुम्ही ते कुठल्या दिव्याखाली, कुणाकडून आणून, कोणती शिफ्ट करून वाचलं आणि वाचल्यावर दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय वेगळं दिसलं, हे मात्र फक्त तुमच्याकडंच आहे.

त्यासाठी खर्ड्याआधी वाचनाची यादी करा. प्रत्येक पुस्तकापुढं पाच रकाने: साल, कुठून मिळालं (वाचनालय, रद्दीचं दुकान, युनियनचं ऑफिस, कुणाचं उसनं), कुठं वाचलं, काय कळलं नाही, आणि कुणाशी वाद झाला. चौथा रकाना टाळू नका. स्वतः शिकणारा माणूस शिक्षकाशिवाय अडतो कुठं आणि वाट कशी काढतो, हे त्यातूनच दिसतं. कळलेला शब्द चुकीचा होता आणि तो वर्षानुवर्षं तसाच वापरला, असं असेल तर तेही यायला हरकत नाही. उलट तसल्या पानांवर वाचक थांबतो.

विचार मांडताना एक नियम पाळा: जागा, वेळ आणि विरोधक या तिन्हींशिवाय कुठलाही विचार पानावर येऊ द्यायचा नाही. ‘जात आणि वर्ग वेगळे काढता येत नाहीत’ असं लिहायचं असेल, तर कारखान्यात पाण्याचा माठ कुठं होता, कुणाचा पेला वेगळा होता, आणि लाल बावट्याच्या सभेत कोण त्याबद्दल बोललं आणि कोण गप्प बसलं, हे आधी. बिंदू चौकातल्या सभेत ऐकलेलं भाषण असेल तर वक्ता काय म्हणाला यापेक्षा शेजारी उभा असलेला माणूस काय पुटपुटला ते लिहा. विरोधकाला मूर्ख करू नका. त्याचा मुद्दा त्याच्या तोंडून, पुऱ्या ताकदीनं येऊ द्या. आपलं मत आज बदललं असेल तर जुनं मत जुन्याच प्रकरणात, त्या वेळच्या खात्रीनं लिहा. साठीतल्या माणसाचं शहाणपण विशीतल्या पोराच्या तोंडी घातलं की सगळं पुस्तक खोटं वाटायला लागतं.

हात काळे करणारा एक आणि पुस्तक वाचणारा एक, अशी आपलीच दोन माणसं झालेली असतात. त्यांना एकत्र आणायच्या वाटा मराठीत आहेत. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच, तरी त्यांच्यात अंतर आहे. ही युक्ती उचलायची नाही, पण आपल्या पुस्तकात कोण बोलतंय हे इतक्या स्पष्टपणे ठरवायला मात्र शिकायचं. कामावरचा गडी बोलतोय, की आज खुर्चीत बसून मागं बघणारा माणूस? सर्वांत सोपा उपाय: घटना त्या वेळच्या नजरेनं, आणि आजचं मत असेल तर प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या परिच्छेदात, सात-आठ ओळींच्या आत.

दुसऱ्यांचे उतारे कमी घ्या. चार ओळींच्या वर उतारा गेला की वाचक तो टाळून पुढं जातो. कविता किंवा गाणं पूर्ण छापायचं तर परवानगी लागते. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे फुल्यांचं आणि आंबेडकरांच्या हयातीत छापलेलं लिखाण आता मोकळं आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, त्यामुळं त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. उतारा घेतलाच तर मूळ पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. पाठ असलेली ओळ हमखास एखाद्या शब्दानं चुकलेली असते.

बोली

निवेदन प्रमाण मराठीत की कोल्हापुरीत, हे पहिल्या वीस पानांनंतर ठरवा, आधी नाही. दोन्ही चालतं. अर्धवट मात्र चालत नाही. संवाद बोलीतच हवेत. मोल्डर ‘मला असे वाटते’ म्हणत नाही, ‘मला काय पटंना’ म्हणतो. अडचण येते ती लिहिण्याच्या एकवाक्यतेची. ‘न्हाई’ की ‘नाय’, ‘व्हय’ की ‘होय’, ‘लई’ की ‘लय’, ‘हाय’ की ‘हाए’ हे एका कागदावर ठरवून भिंतीला लावा आणि टायपिंग करणाऱ्यालाही त्याची प्रत द्या. तरीही तो काही ठिकाणी ‘सुधारणार’. त्याची सवय झालेली असते, दोष नाही.

आजरा-चंदगडकडची बोली, शिरोळची बोली आणि शहरातल्या पेठेची बोली एक नाहीत. तिघंही सारखंच बोलायला लागले तर गाववाले हसतात. शिव्या? कामावर असतात, तेव्हा पुस्तकातही असाव्यात, पण प्रत्येक पानावर लिहिल्या की त्यांचा जोर जातो.

नावं आणि कायदा

खऱ्या माणसांबद्दल लिहिताना तीन गट करा. ज्यांच्याबद्दल चांगलं किंवा साधं लिहिलंय ते, ज्यांच्यावर आरोप आहे ते, आणि घरातल्या बाया. पहिल्या गटाला कळवलं तरी पुरे. दुसऱ्या गटात पुरावा हातात नसेल तर नाव, कारखान्याचं नाव, ओळखू येईल असं हुद्दा-गाव, सगळं बदला. नुसतं आडनाव बदलून भागत नाही, कारण उद्यमनगरात ‘अमुक गल्लीतला लंगडा फोरमन’ म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. कोर्टाच्या निकालात नोंदलेली गोष्ट मात्र निकालाच्या शब्दांत लिहिता येते.

तिसऱ्या गटाकडं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. बायकोचं, आईचं, बहिणीचं दुःख छापण्याआधी तो भाग त्यांना वाचून दाखवा. वाचता येत असेल तर वाचायला द्या आणि शेजारी बसून राहू नका. ‘हे काढा’ म्हटलं तर काढा. बऱ्याचदा त्या काढायला सांगत नाहीत, उलट तुम्ही विसरलेला अर्धा भाग सांगतात.

टायपिंग आणि प्रूफ

फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग प्रमाण भाषेसाठी बऱ्यापैकी चालतं. बोलीवर ते कोसळतं आणि विरामचिन्हं देत नाही. डीटीपीला (कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीला) देणार असाल तर काम घेण्याआधीच मजकूर युनिकोडमध्ये हवा असं सांगा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि रूपांतर केलं तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, रफार आणि अवतरणचिन्हं पहिली बिघडतात. प्रूफ तपासताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲसिड’ असे शब्द मुद्दाम शोधा.

प्रूफ तीनदा बघायचं. पहिल्यांदा मूळ वहीशी ताडून, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पानावर बघायचं. दुसऱ्यांदा फक्त नावं, साल, आकडे. तिसऱ्यांदा लेखकानं अजिबात बघू नये. ज्यानं हे कधीच वाचलेलं नाही अशा माणसाला द्या. दुरुस्त्या लाल पेननं, समासात, ओळीच्या पातळीवर. तोंडी सांगितलेली दुरुस्ती होत नाही.

छपाई

डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, अशा पुस्तकांना सोयीचा. १२-१३ पॉइंटच्या अक्षरात पानावर साधारण २९० शब्द बसतात. ५५ हजार शब्दांची १९० पानं, वर शीर्षकपान, अनुक्रमणिका वगैरे. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर होते, त्यामुळं एकूण पानं १९२ किंवा २०८ अशी बसवून घ्या. २११ पानं झाली तर चौदाव्या फॉर्मचे पैसे जातात आणि शेवटी कोरी पानं उरतात. त्यापेक्षा तीन पानं कापा. कुठली कापायची हा प्रश्न पडलाच तर सत्काराची कापा.

आत ७० किंवा ८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. फोटो आतल्या कागदावर काळवंडतात, म्हणून चांगले आठ-दहा निवडून आर्ट पेपरवर आठ पानं वेगळी करून घ्या. छोटे पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करायचे, मोबाईलनं काढलेला फोटोचा फोटो छपाईत फिकट येतो. बाइंडिंग फॉर्म शिवून करून घ्या. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं दोनशे पानी पुस्तक वाचनालयात वर्षभरात पानं सोडायला लागतं. शंभर प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढं ऑफसेट. अधलीमधली संख्या असेल तर दोन्हीचं कोटेशन घ्या आणि कागदाचं वजन, लॅमिनेशन, शिलाई हे त्यात लिहून आलंय का ते बघा.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्याशी व्यवहार करत असाल तर करारात चार गोष्टी हव्यात: छापील प्रतींची संख्या, लेखकाला मिळणाऱ्या प्रती, हक्क लेखकाकडंच राहील हे वाक्य, आणि छपाईची अंतिम फाईल लेखकाला मिळेल ही अट. शेवटची नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून टायपिंग. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. त्या वर्षीच्या जाहिरातीत आपला वाङ्मयप्रकार बसतो का ते पाहूनच अर्ज करा, आणि अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत छपाईला घाई नको.

स्वतः प्रकाशक होत असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. अर्ज ऑनलाइन आहे, त्यामुळं मध्यस्थाला पैसे द्यायचं कारण नाही. मुखपृष्ठ छपाईला जाण्याआधी क्रमांक हातात हवा. प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. पोस्टाच्या पावत्या जपा.

किंमत ठरवताना दुकानदाराची ३०-४० टक्के सूट धरा. प्रतीचा खर्च आणि किंमत यांत अडीच-तीन पटीचं अंतर नसेल तर दुकानात ठेवलेली प्रत तोट्यात जाते. तीनशे प्रती काढल्या असतील तर पन्नास वाचनालयांसाठी आणि पुस्तकात नावं आलेल्या सोबत्यांसाठी बाजूला काढा. त्या प्रकाशन समारंभात वाटून संपवू नका. एक प्रत स्वतःजवळ ‘दुरुस्तीची प्रत’ म्हणून ठेवा. वाचणारे सोबती येऊन सांगतील, अमुक संप बुधवारी सुरू झाला होता, तमुक फोरमन हुपरीचा होता, रेंदाळचा नव्हे. प्रत्येक वेळी त्या प्रतीच्या समासात सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून नोंद करा, पटलं नाही तरी. दुसरी आवृत्ती निघाली की छापखान्यात हीच प्रत द्यायची.